नोटा छापणारे आजोबा, कांदा पिकवणारे आजोबा आणि मधलं अर्थशास्त्राचं पुस्तक

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून): नाशिकमधल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी १६ वर्षांची, मुलगा १४ चा. दोघंही काही वर्षांपासून शाळेत न जाता घरीच शिकतात. मुलगी एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळा मंडळातून दहावी झाली. आता अकरावी-बारावीच्या टप्प्यावर तिला अर्थशास्त्र द्यायचं घाटतंय. आई स्वतः रसायनशास्त्राची बी.एस्सी. आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या नणंदेनं तिथल्या होमस्कूलिंगवाल्यांमध्ये चालणारा एक तयार संच सुचवलाय: पाठ्यपुस्तक, उत्तरांचं पुस्तक, चाचण्या आणि आठवड्यांचं आखीव वेळापत्रक. नवऱ्याचा कल केंब्रिजकडे आहे. सासरे नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "आम्ही जन्मभर नोटा छापल्या, कुठं अर्थशास्त्र लागलं?" माहेर निफाड तालुक्यातलं, घरी कांदा आणि द्राक्षं. वडील म्हणतात, "अर्थशास्त्रवाल्यांनीच तर शेतकरी मारला." आईचा प्रश्न असा: "एकदाच काय ते पैसे खर्चून संपूर्ण, दर्जेदार आणि निःपक्षपाती असा एकच अभ्यासक्रम घ्यायचाय. मला विषय येत नसला तरी शिकवता येईल असा. कोणता घेऊ? आणि धाकट्यालाही बरोबरच बसवू का?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कोण काय म्हणालं याची यादी केली. नणंदेचं मत आहे, नवऱ्याचं आहे, सासऱ्यांचं आहे, वडिलांचं तर अगदी ठसक्यात आहे. मुलीचं कुठेच नाही. तिला अर्थशास्त्र हवंय, की विज्ञान नको म्हणून उरलेल्यातलं हे एक, की पुढे त्यातच पदवी घ्यायचीय, काहीच कळत नाही. फक्त "गणित नको म्हणते" एवढं एक वाक्य शेवटून तिसऱ्या ओळीत सापडलं. कोणता अभ्यासक्रम, याचं निम्मं उत्तर त्या वाक्यात आहे. त्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी तुमचे तीन शब्द: संपूर्ण, दर्जेदार, निःपक्षपाती.

संपूर्ण असा अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम कुणाकडेच नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांमध्ये हायस्कूलच्या मुलांना अर्थशास्त्र हा एका सत्राचा विषय असतो, बहुतेक वेळा नागरिकशास्त्राला जोडून. नणंदबाईंनी सुचवलेला संच त्या मापाचा शिवलेला कपडा आहे. अर्ध्या वर्षात मागणी-पुरवठा, बाजाराचे प्रकार, त्यांची मध्यवर्ती बँक, त्यांचे कर आणि थोडा घरखर्चाचा हिशोब, एवढं त्यात बसतं. तिथल्या मुलीला ते पुरतं, कारण तिची आई जे गुणपत्रक तयार करते ते तिथली कॉलेजं विचारात घेतात. आपल्याकडे आईच्या सहीचं गुणपत्रक घेऊन एफवायला प्रवेश मागून बघा! इथे मान्यताप्राप्त मंडळाची बारावी लागते. म्हणजे संच घेतलात तरी परीक्षेसाठी दुसरा अभ्यासक्रम आलाच. तो डॉलरमधला खर्च वरचा.

दर्जेदार म्हणजे परदेशी, असं तुम्ही लिहिलेलं नाही. पण पत्रातले बहुतेक पर्याय परदेशी आहेत आणि बालभारतीचा उल्लेख "ते तर काय, आहेच" असा आलाय, म्हणून बोलते. बालभारतीचं अकरावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून बघा. त्यात महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेवर वेगळं प्रकरण आहे, १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणावर आहे, दारिद्र्यावर आहे, बेरोजगारीवर आहे. आपल्या राज्यानं १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं काढली, ७७ साली त्याचा कायदा केला आणि देशाला तसा कायदा करायला २००५ उजाडलं, ही गोष्ट न्यू जर्सीहून येणाऱ्या खोक्यात सापडणार नाही. पुण्यात बसून दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' मोजायला घेतलं तेही नाही. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ चा, तोही बहुधा नाही. अर्थात त्या पुस्तकात दोष आहेतच. भाषा जड आहे, व्याख्या पाठ करायला लावणारी आहे, आणि "फरक स्पष्ट करा" हा प्रश्न तर आमच्या राज्याचा राष्ट्रीय खेळ व्हावा इतका आवडता. पण तो दोष परीक्षेचा जास्त, आशयाचा कमी. घरी शिकणाऱ्या मुलांना निदान "फरक स्पष्ट करा"पासून सुटका मिळू शकते.

आता निःपक्षपाती. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलं होतं आणि तेव्हा लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. तुमच्या माहेरी त्याची आठवण असेलच. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान किंमत काढली, शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. ही झाली हकीकत. यावर कुणाचं दुमत नाही.

हीच हकीकत मुक्त बाजाराकडे झुकलेल्या पुस्तकात कशी येईल? एक आलेख येईल. देशातला भाव पडला, ग्राहकाचा थोडा फायदा झाला, उत्पादकाचं त्याहून जास्त नुकसान झालं, आणि मधला एक त्रिकोण कुणाच्याच पदरात न पडता वाया गेला. शिवाय बाहेरचं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या देशाच्या कांद्याकडे वळलं की परत येईलच असं नाही. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकात हीच गोष्ट "भावस्थैर्य आणि अन्नसुरक्षा" या मथळ्याखाली येईल. मिळकतीतला मोठा भाग खाण्यावरच खर्च होतो त्या घरांचं काय, हा प्रश्न त्यात आधी विचारला जाईल. दोन्ही पुस्तकं खोटं बोलत नाहीत. पण कोणाचं दुःख आधी मोजायचं हे दोघांनी आधीच ठरवलेलं आहे. अमेरिकेतले होमस्कूलिंगचे बरेच संच उघडपणे पहिल्या बाजूचे असतात, काहींत धार्मिक बैठकही असते. ते लपवतही नाहीत. आपल्या सरकारी पुस्तकांचा कल नियोजनाकडे आणि योजनांच्या नावांकडे असतो, आणि तो मात्र सहसा सांगितला जात नाही.

म्हणून निःपक्षपाती पुस्तक शोधू नका. दोन पक्षांची दोन पुस्तकं समोर ठेवा आणि मुलीला या बंदीवर दोन पानं लिहायला सांगा. एक पान निफाडच्या शेतकऱ्याच्या बाजूनं, एक दादरला चाळीत राहून महिन्याचं बजेट बसवणाऱ्या बाईच्या बाजूनं. दोन्ही पानं तुमच्या वडिलांना वाचून दाखवायची. पहिलं त्यांना आवडेल. दुसरं ऐकून ते चिडले, तर ते कुठल्या वाक्याला चिडले ते तिनं लिहून ठेवायचं आणि त्या वाक्याचा पुरावा शोधायचा. एवढं जमलं तर बारावीचं निम्मं अर्थशास्त्र झालं म्हणून समजा.

तुमच्या वडिलांच्या वाक्यावरून माझं स्वतःचं एक सांगते. मी वीसेक वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवला. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, हे शिकवताना सुरुवातीची कितीतरी वर्षं मी मीठ आणि सोनं हीच उदाहरणं द्यायचे, कारण मला ती तशीच शिकवली होती. एका वर्षी मागच्या बाकावरचा विंचूरकडचा मुलगा तास संपल्यावर म्हणाला, "मॅडम, यंदा कांदा लई आलाय आणि दादांनी माझी फी भरली नाही. हे कुठल्या धड्यात येतं?" हे त्याच धड्यात येतं, आणि मी तो धडा तासभर शिकवून मोकळी झाले होते!

हिशोब साधा आहे. समजा बाजारात १०० क्विंटल कांदा आला आणि २,००० रुपये क्विंटलनं गेला. झाले दोन लाख. पुढच्या साली १२० क्विंटल आला. पण भाव निम्मा झाला म्हणून माणूस दुप्पट कांदा खात नाही. तो सगळा माल खपायला भाव १,२०० पर्यंत उतरावा लागला. आता झाले १,४४,०००. पीक २० टक्क्यांनी वाढलं आणि हातात आलेला पैसा २८ टक्क्यांनी घटला. यातली खरी गंमत पुढे आहे: एकट्या तुमच्या वडिलांचं पीक वाढलं असतं तर त्यांना फायदाच होता. सगळ्यांचं वाढलं म्हणून सगळे बुडाले. एकाला जे लागू ते सगळ्यांना लागू असेलच असं नाही, ही या विषयाची पहिली पायरी आहे, आणि ती चढायला आलेखसुद्धा लागत नाही. त्यानंतर मग उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या शेडमध्ये, का भरतात, लाल कांदा का भरता येत नाही, चाळीतली घट आणि सड धरून किती महिने थांबणं परवडतं, हे प्रश्न आपोआप येतात. टोमॅटोचा क्रेट इतका पडतो की तोडणीची मजुरी आणि भाडंही निघत नाही, तेव्हा शेतकरी उभ्या पिकात जनावरं सोडतो. बघणाऱ्याला तो संताप वाटतो. पुस्तकात त्याला उत्पादन थांबवण्याचा बिंदू म्हणतात: बदलता खर्चही निघेना, की तोडायचं थांबायचं. रोपं, खतं, औषधं यांवर आधी झालेला खर्च त्या निर्णयात धरायचा नसतो. तो गेला तो गेला. तुमच्या वडिलांना हे नियम पाठ आहेत, फक्त त्यांची नावं माहीत नाहीत. मुलीला नावं माहीत होतील, तेव्हा दोघांना एकमेकांची गरज लागेल.

सासऱ्यांच्या वाक्याचंही तसंच. नोटा छापताना अर्थशास्त्र लागत नाही, अगदी खरं. पण नातीनं त्यांना विचारावं: आजोबा, तुमच्या हातून गेलेला कागद पैसा कधी व्हायचा? छापखान्यातून निघाला तेव्हा? की रिझर्व्ह बँकेनं बाहेर काढला तेव्हा? प्रेसमधली, अजून चलनात न आलेली नोट म्हणजे चांगल्या प्रतीचा छापील कागद. रिझर्व्ह बँकेनं ती चलनात आणली की ती बँकेवरचं देणं होते, म्हणूनच तिच्यावर "धारकाला अदा करण्याचं" वचन आणि गव्हर्नरची सही असते. एक रुपयाची नोट काढून बघा. तिच्यावर ते वचन नाही आणि सही वित्त सचिवांची असते, कारण ती भारत सरकारची नोट आहे. मग पुढचा प्रश्न, जो प्रत्येक मूल विचारतं आणि बहुतेक मोठी माणसं टोलवतात: इथेच छापतात ना, मग जास्त छापून गरिबांना का देत नाहीत? त्याचं उत्तर पुन्हा बाजारात आहे. मालाची पोती तेवढीच आणि नोटा दुप्पट झाल्या, तर काय होईल? हे त्यांना समोर बसवून, कॅरमच्या सोंगट्या आणि शेंगदाणे घेऊन खेळता येतं. दहा सोंगट्या, दहा शेंगदाणे. मग वीस सोंगट्या, दहाच शेंगदाणे. आणि शेवटी त्यांना जरा टोचणारी गोष्ट: आपण ज्याला पैसा म्हणतो त्यातला मोठा भाग कधी छापलाच जात नाही. तो बँकेच्या खात्यातला आकडा असतो, कर्ज दिलं की तयार होणारा. यावर सासरे वाद घालतील. घालू द्या. त्यांनी ज्या शिस्तीत नोटांची मोजदाद केली असेल ती शिस्त आकडेवारीच्या धड्याला कामाला येईल.

आता निवडीकडे येऊ.

मुलीला भारतातच पुढे शिकायचं असेल तर परीक्षा एनआयओएसचीच ठेवा. दहावी तिथूनच झालेली आहे, रीत माहीत आहे. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. उच्च माध्यमिकला अर्थशास्त्राचा विषय क्रमांक ३१८. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही, आणि घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ही सोय माझ्या मते सगळ्यांत मोलाची. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून बारावीला बसणं, हा दुसरा रस्ता आहे. मराठी माध्यमातून द्यायचं असेल तर तो आकर्षक वाटतो, पण दहावी-बारावीतलं अंतर आणि इतर अटी आपल्याला बसतात का, हे नाशिकच्या विभागीय मंडळात जाऊन विचारूनच ठरवा. कॉलनीतल्या कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

परीक्षा एनआयओएसची, पण शिकण्यासाठी मी एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची, पुस्तकं जवळ ठेवीन. त्यांच्या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट आहेत. अकरावीचं संख्याशास्त्राचं पुस्तक आणि भारताच्या आर्थिक विकासाचं, बारावीची सूक्ष्म (एकेका ग्राहकाचं, बाजाराचं) आणि स्थूल (सगळ्या देशाचं) अर्थशास्त्राची, अशी चार. सूक्ष्म अर्थशास्त्राचं पुस्तक कोरडं आहे, आधीच सांगते. पण नीटस आहे, आणि सीयूईटीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला, अर्थशास्त्र घ्यायचं झालं तर बारावीची दोन्ही लागतातच. जोडीला बालभारतीची अकरावी-बारावीची मराठी पुस्तकं, दोन कारणांसाठी. एक, महाराष्ट्र त्यातच भेटतो. दोन, आजोबांशी बोलायचं तर "इलास्टिसिटी" चालणार नाही, "लवचिकता" लागेल. आलेख समजायला खान अकॅडमीचे फुकट व्हिडिओ चांगले आहेत, पण डॉलर आणि पिझ्झा दिसला की थांबवून मुलीनं तिथे रुपये आणि मिसळ घालायची. (रसायनशास्त्रवाल्या आईला एक सूचना: आमच्या आलेखात किंमत उभ्या अक्षावर असते, म्हणजे तुमच्या दृष्टीनं अक्ष उलटे. चूक नाही, जुनी खोड आहे. पहिल्या दिवशी यावरून भांडण होतं.)

केंब्रिजचं. ए लेव्हलचं, म्हणजे त्यांच्या बारावीच्या पातळीचं, अर्थशास्त्र चांगलं आहे, त्यात वाद नाही. उत्तरात "हे नेहमीच खरं असतं का?" असं मूल्यमापन मागतात आणि त्यालाही गुण असतात, ही गोष्ट आपल्या मंडळांनी उचलावी अशी आहे. पण फी जबर आहे, आणि बाहेरून बसणारा विद्यार्थी स्वीकारणारं परीक्षा केंद्र आधी मिळवावं लागतं. पुस्तक घेण्याआधी केंद्राला फोन, हा क्रम उलटा झाला तर पैसे बुडतात. अमेरिकेच्या एपी परीक्षांचंही तेच: सूक्ष्म आणि स्थूल अशा दोन वेगळ्या परीक्षा, मे महिन्यात. मुलीच्या डोक्यात परदेशी विद्यापीठ नसेल तर यातलं काही तुम्हाला लागत नाही. नवऱ्याला केंब्रिज "वाटतं" असं तुम्ही लिहिलंय. कशासाठी वाटतं, ते त्यांना विचारा.

आता ते राहिलेलं वाक्य: गणित नको. नागरिक म्हणून जग समजावं, कायदा, पत्रकारिता, प्रशासन या वाटेनं जावं, असं मुलीचं असेल तर गणिताशिवाय बारावीचं अर्थशास्त्र खुशाल करावं. पण अर्थशास्त्रातच पदवी घ्यायची असेल तर हे वाक्य आज ना उद्या आडवं येईल. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटीत गणित द्यावंच लागतं. पदवीच्या पातळीवरचं बरंच अर्थशास्त्र गणिताच्या भाषेत बोलतं. घोळ असा होतो की मुलं बारावीत गणित सोडून अर्थशास्त्र घेतात, ते आवडतं, आणि मग दार बंद सापडतं. पाच विषयांत गणित ठेवलं आणि ते वर्षभर उशिरा दिलं, तरी एनआयओएसमध्ये चालतं. तिला घाई नाही हे तिला सांगा. कधीकधी "नको"च्या मागे "इतक्या लवकर नको" एवढंच असतं.

पुस्तक घेण्याआधी एक आठवडा मला द्या. एकच धडा, मागणीची लवचिकता, तीन पुस्तकांतून मुलीनं वाचायचा: एनसीईआरटी, बालभारतीचं बारावीचं आणि नणंदबाईंच्या संचाची नमुना पानं, ती प्रकाशक सहसा फुकट देतात. मग तिनं सांगायचं की नियम कुठे फसतो हे कुठल्या पुस्तकात आहे, उत्तर मागे छापलेलं नाही असा एक तरी प्रश्न कुठे आहे, आणि विंचूरच्या मुलाला फी का मिळाली नाही हे कुठलं पुस्तक वाचून तिला सांगता येईल. निवड तिनं केली की वर्षभर तुम्हाला मागे लागावं लागणार नाही, हा तुमचा फायदा.

विषय येत नसताना शिकवायचं कसं? एक धडा पुढे राहून. तुम्ही रसायनशास्त्र केलंय, म्हणजे तक्ता, आलेख, एकक यांची भीती नाही. उलट तुम्हाला येत नाही हे मुलीला दिसू द्या. येत असलेल्या बाईनं कितीतरी वर्षं मीठ आणि सोनंच शिकवलं, हे वर कबूल केलंच आहे. मात्र लिहून घेणं सोडू नका. आठवड्याला एक पान, एका प्रश्नावर, आणि ते तिसऱ्या कुणीतरी तपासायचं. शहरात अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे वेळही आहे. महिन्यातून दोन तास मागा, नाही म्हणणार नाहीत.

एसआयपी, विमा, शेअर बाजार हे "अर्थशास्त्रात धरू का" असंही विचारलंय. धरू नका. घराचा हिशोब जरूर शिकवा, पण वेगळा. शेअर कधी घ्यावा हे अर्थशास्त्र सांगत नाही. सांगतं म्हणणाऱ्यापासून दोन हात लांब राहावं.

धाकट्याला बरोबर बसवू नका. दोघांना एका पुस्तकात घातलं की वेळ तुमचा वाचतो, कंटाळा त्याचा वाढतो. १४ पूर्ण झाले की तो एनआयओएसच्या दहावीला नोंदवता येईल, त्यातही अर्थशास्त्र विषय आहे, पण या वर्षी त्याला विषय नको, बाजार द्या. आजोबांबरोबर एकदा ट्रॅक्टरवर बसून लिलावाला जाऊ दे. व्यापारी ट्रॉलीमागून ट्रॉली बघत बोली लावतात, मग काटा, मग पट्टी. ती हिशोबपट्टी त्यानं घरी आणून वहीत चिकटवावी आणि आजोबांना एकेका ओळीचा अर्थ विचारावा. हमाली कुणाची, तोलाई कुणाची, ती कापायची की नाही या वादात २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते, ते का? नंतर एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातलं पैसा आणि कर्जाचं प्रकरण तेवढं वाचायला द्या. सावकार, बँक, बचतगट यांच्या अटी त्यात शेजारी शेजारी ठेवल्यात. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला घरात कर्ज कुठून आलं होतं, हे तो तुम्हालाच विचारेल. उत्तर तयार ठेवा.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी ना शेत असेल ना प्रेसवाले आजोबा. त्यांनी अडून बसू नये. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा जाऊन त्याच बाईकडे कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारावा. नाशवंत मालाचा पुरवठा म्हणजे काय ते दोन फेऱ्यांत कळतं. सोसायटीत लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्यानं द्यायचा का, या भांडणात सार्वजनिक वस्तूंचा, म्हणजे सगळ्यांच्या वापराच्या सोयींचा खर्च कुणी द्यायचा याचा, अख्खा धडा आहे. दहा वस्तूंची यादी करून, तेल, तूरडाळ, दूध, गॅस, पेट्रोल असं काहीबाही, वर्षभर दर महिन्याच्या पाच तारखेला भाव लिहावेत आणि घरात ज्या वस्तूवर जास्त खर्च होतो तिला जास्त भार देऊन घराचा निर्देशांक काढावा. मग तो सरकारी महागाईशी ताडून बघावा. जुळणार नाही, आणि का जुळत नाही यावर एक निबंध होतो. राज्य सरकार दर वर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर महाराष्ट्राची आर्थिक पाहणी काढतं, मराठीत, फुकट. त्यातून आपल्या जिल्ह्याचे आकडे शोधून काढणं हा सुट्टीतला चांगला उद्योग आहे. २०२७ चा सिंहस्थ तर दाराशी आलाय. रस्ते कुणाच्या पैशानं, भाडी कुणाची वाढली, कचरा कुणी उचलला, हे तिन्ही प्रश्न मुलांनी आत्तापासून टिपायला लागावं. असा संच कुठला प्रकाशक देणार?

नणंदबाईंना आजच फोन करा. खोकं निघालं नसेल तर थांबवा. निघालंच असेल तर त्यातलं चर्चेच्या प्रश्नांचं पुस्तक ठेवा, ते लोक मुलांना बोलतं करण्यात आपल्या पुढे आहेत. उत्तरांचं पुस्तक मात्र तुमच्या कपाटात, कुलपात.